फुला, तुझ्या धुराच्या खटल्याबद्दल

फुला,

तू गेलीस त्या आठवड्यात तुझ्या घरी बसायला येणारी माणसं माझ्याकडे जरा चोरूनच पाहत होती. तुझ्या लेकानं, विनोदनं, ओसरीत सतरंजी टाकली होती, बुद्धाच्या फोटोशेजारी तुझा फोटो ठेवला होता आणि तुझं स्वयंपाकघर माझ्या ताब्यात होतं. आल्यागेल्याला चहा मीच देत होते. मुधोळकडून आलेल्या तुझ्या एका लांबच्या वहिनीनं कप घेता घेता शेजारच्या बाईला विचारलं, बरोबर माझ्या कानावर जाईल अशा बेतानं, "हेच का वं ते गोदाबाई? आपल्या पंचफुलाच्या विरोधात कोर्टात उभी राह्यल्ती ते?"

मी म्हटलं, "व्हय, मीच ते. साखर अजून टाकू का?"

तू असतीस तर पदर तोंडाशी धरून हसली असतीस. तू फोटोतून नुसती बघत राहिलीस, आणि तेही त्या फोटोतल्या हेडमास्तरणीच्या चेहऱ्यानं. सगळ्या अल्बमात विनोदला दुसरा एक फोटो सापडू नये? तुझा हसरा फोटो नाहीच म्हणे. नसणारच. तू हसायला लागलीस की हलायचीस.

शोकसभेत विनोद तुझ्याबद्दल चांगलं बोलला. आदर्श शिक्षिका, समाजाची सेविका, आणि शेवटी म्हणाला, पर्यावरणप्रेमी. पर्यावरणप्रेमी! मी खाली मान घातली, कारण मला हसू यायला लागलं. तुला पर्यावरणाचं काही पडलेलं नव्हतं गं. अंगणात पान पडलं तरी तू झाडाला बोलायचीस. तुला राग आला होता. कुरडयांवर धूर मारला म्हणून तुला राग आला होता, आणि त्या रागापायी तू अख्ख्या नगरपालिकेला आदिलाबादपर्यंत ओढत नेलंस. खरं ते एवढंच आहे, आणि मला ते पर्यावरणापेक्षा जास्त आवडतं.

आपल्या गल्लीत कुरडया सगळ्यांच्या मिळून एकाच दिवशी होतात. बाजा ओळीनं मांडायच्या, त्यांवर धुतलेली लुगडी अंथरायची आणि ऊन चढायच्या आत सगळं उरकायचं. चीक ढवळायचं काम माझ्याकडे, कारण तहसिलात दफ्तरांचे गठ्ठे उचलून माझे दंड तयार झालेले. सोऱ्या तुझ्याकडे, कारण तुला सगळं गोल लागायचं. मराठी शाळेत जन्मभर पोरांची अक्षरं वळवलीस, तशाच कुरडयाही वळवायचीस. एखादी वाकडी पडली की तिला बोलायचीससुद्धा. पोरं वाट्या घेऊन भोवती बसायची, गरम चीक आणि वर दूध-साखर. माझी नात आरू त्यांच्यात सगळ्यात पुढे.

त्या पहाटे असंच सगळं रंगात आलेलं असताना कोपऱ्यावरून फटफट करत डासांच्या धुराची गाडी आली. मागे नळकांडं आणि त्यातून पांढराशुभ्र धूर. कोणी आधी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं. बघता बघता समोरची तू मला दिसेनाशी झालीस. धुरातून तुझा आवाज तेवढा येत होता, "थांब! थांब रे मुडद्या, इथं अन्न हाय!" पोरं खोकत घरात पळाली. धूर विरला तेव्हा तू तशीच सोऱ्या धरून उभी होतीस, त्यातून अर्धी कुरडई लोंबत होती आणि बाजांवरच्या सगळ्या मालाला डिझेलचा वास मारत होता.

मी म्हटलं, "उन्हानं वास उडून जाईल."

तू माझ्याकडे असं पाहिलंस की पुढचं वाक्य मी गिळलं. पण फार वेळ नाही. मला गिळलेलं पचत नाही, हे तुला ठाऊक होतं. तू एकेक लुगडं गोळा करून सगळ्या कुरडया खड्ड्यात टाकल्यास, आणि मग दारात बसून दम्याचा पंप ओढत राहिलीस, कारण धूर आला की तुझी छाती भरायचीच. मी पाणी घेऊन आले आणि पाण्याबरोबर माझं मतही आणलं. म्हटलं, धुरानं कोणी मरत नाही, डासानं मरतात.

हे मी उगाच म्हटलं नव्हतं. आदल्याच पावसाळ्यात आरूला डेंग्यू झाला होता. आदिलाबादच्या दवाखान्यात तिच्या उशाशी आपण दोघी आळीपाळीनं बसलो होतो. प्लेटलेट खाली खाली चाललेल्या, डॉक्टर काही धड बोलत नव्हते, आणि तू त्या तापलेल्या पोरीकडून पाढे म्हणवून घेत होतीस. मला म्हणालीस, पाढा बरोबर येऊन राह्यला तोवर घाबरू नोका. मी सतराच्या पाढ्याला देव मानलं त्या दिवसांत. पोरगी घरी आली, पण तेव्हापासून कानाशी डास गुणगुणला की मी आरूचं कपाळ चाचपायचे आणि धुराची गाडी दिसली की देव दारात आल्यासारखं वाटायचं. म्हणजे भांडण अगदी साधं होतं. धूर बंद झाला तर मला माझ्या आरूची भीती, आणि धूर असाच चालू राहिला तर तुझ्या छातीची आणि गल्लीतल्या पोरांच्या वाटीतल्या अन्नाची.

"डास पान्यात जलमते, गोदाबाई, आन् तुमी हवेत मारून राह्यले," तू म्हणालीस.

"मंग पोट्टीले मरू देऊ का?"

"पोट्टीसाठीच म्हनून राह्यली ना मी! तुले समजत काऊन नाई?"

तोवर आपण शेजारधर्मानं एकमेकींना अहो-जाहो करत होतो. भिंतीला भिंत लागून इतकी वर्षं काढली, पण तू टीचर आणि मी तहसिलातली बाई, मान राखून होतो. त्या सकाळी तुझ्या तोंडून 'तुले' निघालं आणि मग ते परत गेलंच नाही. मला आतून फार बरं वाटलं होतं. भांडणाच्या भरात ते सांगायचं राहून गेलं.

नगरपालिकेत तू चार खेपा घातल्यास. प्रत्येक वेळी सॅनिटरी इन्स्पेक्टर राजन्ना तुला खुर्ची द्यायचा, टीचरम्मा टीचरम्मा करायचा, चहा मागवायचा आणि काही करायचा नाही. वाईट माणूस नव्हता तो. वरून हुकूम आला की गाडी काढायची, एवढं त्याला ठाऊक. शेवटी तू ठरवलंस की आदिलाबादला लोकअदालतीत जायचं, तिथं वकील लागत नाही. पण सरहद्दीच्या ह्या बाजूला अर्ज तेलुगूत हवा होता. तुझं तेलुगू बाजारापुरतं. मग तू कोरे कागद घेऊन कोणाच्या दारात यावंस?

"लिहून दे," तू म्हणालीस. "तुझी भाषा दफ्तरी हाय."

"मी लिहू? मी तं तुझ्या विरोधात हाय."

"मंग बरंच झालं. कच्चं काय राह्यलं ते तुलेच आधी दिसन."

आता मी जन्मभर तहसिलात लोकांच्या दरखास्ती लिहिलेली बाई. वाईट अर्ज लिहिणं माझ्या हातून होतच नाही, ही माझी खोड. लिहिता लिहिता मला तुझ्या म्हणण्यातली भोकं दिसायला लागली आणि मी ती बुजवत गेले. तू म्हणायचीस 'धूर वाईट'. मी लिहिलं, पूर्वसूचना न देता, श्वासाचे रुग्ण व लहान मुले यांचा विचार न करता, उघड्या अन्नावर. तू वाचून घेतलंस आणि म्हणालीस, "वा! हे तं जितनारच." तेव्हा मला माझीच चीड आली. तू घरी गेलीस तशी त्याच शाईनं, त्याच बैठकीत, मी माझी हरकत लिहून काढली. धूर बंद करू नये, आमच्या घरात रुग्ण झालेला आहे, अर्जदार बाई हट्टी आहेत. शेवटचं नंतर खोडलं.

पहिल्या तारखेला आपण एकाच बसनं गेलो. बायकांना बस फुकट झालेली, आधार कार्ड दाखवलं की तिकीट हातात. तू म्हणालीस, आता कुठं न्याय परवडून राह्यला. डबा एकच होता, कारण तू भाकरी करणार होतीस आणि मी भरीत. अर्जदार आणि हरकतदार एकाच फडक्यावर जेवल्या, लोकअदालतीच्या आवारातल्या लिंबाखाली. तू मला वाढता वाढता बजावलंस, आत गेल्यावर माझ्याकडे पाहून हसू नकोस, साहेबांना वाटेल आपलं खोटं आहे.

आत साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. बराच वेळ इकडून तिकडे, तिकडून इकडे पाहत राहिले. मग चष्मा काढला.

"ये दोनों एक ही हाथ के लिखे हैं?"

मी म्हटलं, "जी साहेब. मेरे."

"आप किसकी तरफ से हैं?"

"मैं हरकतदार."

"तो अर्जदार का अर्ज आपने क्यों लिखा?"

मला उत्तर सुचायच्या आत तू उभी राहिलीस आणि शाळेत इन्स्पेक्टरपुढे बोलतात तशा आवाजात म्हणालीस, "साहेब, मोहल्ले में तेलुगू लिखना इसी को आता है."

राजन्नानं तोंडावर रुमाल धरला. साहेबांनी खाली पाहून पुढची तारीख लिहिली, पण त्यांचे खांदे हलत होते, मी पाहिलं. बाहेर आल्यावर तू माझ्यावरच चिडलीस, की अक्षर बदलून लिहायचं सुचलं नाही का. मला खरंच सुचलं नव्हतं. तुलाही नव्हतं, म्हणून तर चिडलीस.

दुसऱ्या तारखेला साहेबांनी तुला विचारलं, धूर नको तर मग काय हवं. तू म्हणालीस, पाणी सांडायचं. आठवड्यातून एक दिवस घरातलं सगळं साठवलेलं पाणी सांडलं की डासाला जन्मायला जागा नाही. साहेब म्हणाले, करून दाखवा. झालं! तेव्हापासून दर शुक्रवारी तू काठी घेऊन गल्लीत फिरायला लागलीस. कूलर उघड, टायर उलटं कर, रांजण घास. लोक तुला यायच्या आधी घाबरून बादल्या पालथ्या घालायचे. चिमण्यांसाठी मी कौलावर ठेवलेलं मातीचं भांडंसुद्धा तू पालथं घातलंस.

मी ओरडले, "तिथं चिमन्या पानी पितात वं!"

"चिमन्या काय लिहून देतात का, डास होनार नाई म्हनून?"

त्यावर मी तुझ्याशी तो अख्खा शुक्रवार बोलले नाही. शनिवारी बोलले, कारण तुझ्या घरचं दही माझ्याकडे होतं.

आणि मग तो तुझा फ्रिज. थंड करेना म्हणून मेकॅनिक आला, त्यानं फ्रिज भिंतीपासून ओढला, आणि मी आपली सवयीनं बघायला आले होते. मागच्या बाजूला तळाशी एक ताटली असते, त्यात ठिबकलेलं पाणी साठतं. मला ठाऊक नव्हतं, तुलाही नव्हतं. त्या ताटलीत अळ्या वळवळत होत्या. एक-दोन नाही, सगळं पाणी हलत होतं. मेकॅनिक काहीच न कळून आपल्या कामाला लागला. मी तुझ्याकडे पाहिलं, तू ताटलीकडे पाहत होतीस. गल्लीभर लोकांची मडकी पालथी घालणाऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात डासांची शाळा भरली होती.

फुला, खटला त्या क्षणी माझ्या हातात आला होता. आणि माझ्या तोंडून निघालं, "टाकून दे मोरीत. म्या काई पाह्यलं नाई."

"काऊन?" तू विचारलंस.

"काऊन म्हंजे? लोकं हासतील तुले."

"तू हरकतदार हाय ना? तुले तं सांगाच लागते." एवढं बोलून तू जी हसायला लागलीस, ती खाली फरशीवरच बसलीस. हसता हसता खोकलीस, खोकता खोकता पंप मागितलास, पंप ओढून पुन्हा हसलीस. मेकॅनिक घाबरला. मग डोळे पुसून म्हणालीस, "गोदा, धुराची गाडी आपल्या दारावरून कितीक खेपा गेली असन?"

"पुष्कळ."

"आन् हे पाह्य, जित्ते हायेत. जाय, लोनच्याची रिकामी बरनी आन."

तिसऱ्या तारखेच्या त्या बसच्या प्रवासाइतकं मी आयुष्यात कधी हसले नाही. मांडीवर बरणी, बरणीवर फडकं बांधलेलं, आणि खड्डा आला की तू तिला तान्ह्या लेकरासारखी उचलून धरायचीस. कंडक्टरनं विचारलं, "अम्मा, उसमें क्या है?" तू शांतपणे म्हणालीस, "गवाह है." तो आदिलाबाद येईपर्यंत आपल्या बाकाकडे फिरकला नाही.

साहेबांच्या टेबलावर तू बरणी ठेवलीस. म्हणालीस, साहेब, हे माझ्या घरातले आहेत. सगळ्यांचं पाणी मी सांडत होते, माझंच राहिलं, चूक माझी. पण ह्यांच्या डोक्यावरून धूर किती वेळा गेला ते ह्या राजन्नांना विचारा, आणि हे कसे आहेत ते तुमच्या डोळ्यांनी पाहा. सगळे पुढे वाकले. राजन्नानं जवळून निरखलं आणि त्याचा चेहरा उतरला. "सर," तो म्हणाला, "ये तो अभी उड़नेवाले हैं." सगळ्या खुर्च्या एकदम मागे सरकल्या. तू तेवढी जागची हलली नाहीस.

मग साहेबांनी मला विचारलं, हरकतदाराला काही म्हणायचं आहे का. मी घरून पाठ करून आले होते, ते सगळं विसरले. आरूचं सांगितलं. दवाखान्यातले दिवस सांगितले. रडले पण, तुझ्यासमोर रडायचं नाही असं ठरवून गेले होते तरी. म्हटलं, ह्या बाईचं पाण्याचं म्हणणं आता दिसतंय डोळ्यांना, पण धूर साफ बंद करू नका, गल्लीत रुग्ण सापडला तर मारा, तेव्हा कोणाची छाती आणि कोणाची कुरडई बघू नका. तुझ्याकडे बघायची मला हिंमत नव्हती. आणि तुझा आवाज आला, "मंजूर, साहेब. लिहा."

तुझ्या छातीवर येणारी अट होती ती. एक क्षणही न थांबता तू ती मान्य केलीस, आणि बसमध्ये त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीस. मीही काढला नाही. तू खिडकीला डोकं टेकून घोरत होतीस.

करार झाला. रुग्ण सापडला तरच धूर, आणि धुराच्या आदल्या संध्याकाळी गल्लीत पुकारा. अन्न वाळत घातलेलं असेल तर ते उचलायला वेळ द्यायचा, हे कलम साहेबांनी स्वतःहून टाकलं, आणि टाकताना विचारलं की कुरडई नक्की कशी लागते. पाणी सांडायचं काम गल्लीचं आणि नगरपालिकेचं मिळून. राजन्ना म्हणाला, तेलुगूत पुकारा आम्ही करू, पण मराठीत बोलणार कोण? तू म्हणालीस, मी. मग ऑटोवर भोंगा लागला आणि भोंग्यात तुझा रेकॉर्ड केलेला आवाज, "आया-बायांनो, उद्या सकाळी धूर येनार हाय. अन्न झाका, पोट्टे आत घ्या, दमा असन त्यानं दार लावून घ्या. आन् नुसत्या धुरावर भरोसा ठेवू नोका, पानी सांडा!" ते शेवटचं वाक्य नगरपालिकेनं लिहून दिलेलं नव्हतं. तो टोमणा मला होता. दर खेपेला भोंग्यावरून, सगळ्या गावादेखत मला टोमणा.

आणि मग ह्या पावसाळ्यात तू गेलीस. दुपारी ज्वारी निवडत होतीस, सुपात अर्धी राहिली. डॉक्टर म्हणाले हृदय, त्रास झाला नसेल. मला आधी तुझा रागच आला. न सांगता येणाऱ्या-जाणाऱ्यांवर तूच खटला भरला होतास ना?

तुझी सभा झाली, विनोद मंचेरियलला खाणीवर परत जायच्या तयारीत होता, आणि एका संध्याकाळी पलीकडच्या गल्लीत रुग्ण सापडला म्हणून पुकाऱ्याचा ऑटो आपल्याकडे वळला. मी मेथी निवडत होते. भोंग्यातून तू बोलायला लागलीस. "आया-बायांनो..." गल्लीतल्या बाया दारादारांतून बाहेर आल्या आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या. कोणी डोळ्यांना पदर लावला, कोणी हात जोडले.  ओट्यावर बसून मी हमसून हमसून रडले, आणि 'पानी सांडा' आलं तसं रडता रडता हसायला लागले. आरू म्हणाली, "आजी, फुला आजी अजून तुले बोलूनच राह्यली."

पण मेलेल्या बाईचा आवाज फिरवणं काहींना बरं वाटलं नाही. कोणीतरी जाऊन सांगितलं. नगरपालिकेनं पुकाराच बंद केला. पुढच्याच आठवड्यात भल्या पहाटे, गल्लीत एकही रुग्ण नसताना, न सांगता न सवरता ती गाडी पुन्हा आली. आरूच्या खोलीची खिडकी सताड उघडी होती. मी धुरातून धावत जाऊन खिडकी लावली, आणि धावता धावता ओरडत होते, "थांब! थांब रे मुडद्या!" माझ्या तोंडून तुझं वाक्य निघालं हे मला नंतर कळलं.

राजन्नाकडे गेले. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, "अम्मा, करार टीचरम्मा के साथ था. अब अर्जदार ही नहीं रहीं, तो ऊपरवाले बोलते हैं, फाइल बंद." विनोदला फोन केला. त्यानं समजुतीनं सांगितलं, मावशी, आई गेली, आता तिचा खटला कशाला उकरायचा, जाऊ द्या. चांगला मुलगा आहे, पण तुझ्यासारखा भांडकुदळ निपजला नाही, काय करणार.

मी घरी येऊन बसले. तुला सांगायचं असं पुष्कळ राहिलं आहे, फुला. आरूला पुन्हा ताप आला नाही. ते धुरामुळे की तू शुक्रवारी काठी घेऊन फिरलीस त्यामुळे, हे मला ठाऊक नाही. तू म्हणाली असतीस, पाण्यामुळे. मी म्हटलं असतं, दोन्हींमुळे. तू म्हणाली असतीस, तुले समजत काऊन नाई. ह्या भांडणाचा निकाल आता लागायचा नाही, आणि मला तो लावायचाही नाही. पण पोरीच्या उशाशी बसून तू तिला जागं ठेवलंस, माझी अट तुझ्या छातीवर घेतलीस, आणि मला म्हातारपणी एक मैत्रीण मिळाली जिच्याशी पोटभर भांडता आलं. त्याचे आभार मी तुला एकदाही मानले नाहीत. मानले असते तर तू म्हणाली असतीस, बरं नाही का वाटत तुले, गोदा? तरी आज मानते.

काल आदिलाबादला गेले. लोकअदालतीच्या खिडकीवर आता एक नवीन तरुण कारकून आहे, आपल्याच सरहद्दीकडचा, मराठी बोलणारा. त्याला सांगितलं, अर्जदार मयत झाली आहे, तिच्या जागी माझं नाव लावा, करार मोडला आहे, मला पुढची तारीख द्या. त्यानं तुझी फाइल काढली.

"मावशी, मयत तुमची कोन लागे? बहीन?"

बहीण म्हटलं असतं तर त्यानं लिहून घेतलं असतं. मला खोटं बोलवेना.

"मी तिची हरकतदार," मी म्हटलं.

त्यानं फाइल चाळली. माझं नाव वाचलं, तुझं नाव वाचलं, मान वर केली. "मावशी, असं कसं? विरोधात असनारा मानूस अर्जदाराच्या जागी कसा येईल?"

"मंग कोन येईल, बापू? लेक तं म्हनते, सोडून द्या. त्या बाईशी मी रोज भांडली. तिचं म्हननं खोडाले म्हनून मी तिचा एकेक शब्द ध्यान देऊन आयकला. ते काय म्हने, हे माझ्याइतकं कोनाले पाठ हाय?"

त्यानं फाइल तशीच उघडी ठेवली. मग आतून एक स्टूल आणून त्यानं माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, "बसा. सांगा, काय म्हनत व्हती ते."

मी बसले, घसा साफ केला आणि फुला, तुझ्या बाजूनं बोलायला लागले.